मैना का थांबली

प्रिय चेतू,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतेस. म्हणून हे पत्र. दिल्लीत वाढलीस, मराठी वाचायला तुला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच. तिथे पुण्यात विनयामावशीला वाचून दाखवायला सांगू नकोस, ती मधेच रडायला लागेल.

फरीदाबादला थंडीने बोटं आखडली आहेत. तुझी आई बरी आहे, फक्त माझ्यावर वैतागलेली आहे, कारण मी साऱ्या जगावर वैतागलेलो आहे. यंदा यमुना चषकाची पंच्याहत्तरावी घोडशर्यत. क्लबाने स्मरणिका काढायची ठरवली आणि शर्यतीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. लष्कराच्या घोडदळात आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर क्लबाच्याच तबेल्यांवर देखरेख केली, तेव्हा मलाही वाटलं, हे आपलंच काम. मोठ्या हौसेने लिहायला बसलो. पहिल्या वर्षी ट्रॅकला कठडासुद्धा नव्हता, फौजी अफसर आणि राजस्थानातले ठाकूर आपापले घोडे घेऊन आले होते, ते लिहिलं. लढाईच्या वर्षी निम्मे स्वार सीमेवर होते म्हणून शर्यतच झाली नाही, ते लिहिलं. एका वर्षी धुक्यात शेवट कुणालाच दिसला नाही, संध्याकाळपर्यंत भांडणं झाली आणि चषक सहा-सहा महिने दोन घरांत राहिला, तेही लिहिलं. सेक्रेटरींनी सगळं कापलं. म्हणाले, विजेते द्या, वेळा द्या, जाहिरातदारांचे फोटो मोठे छापा. शमशेर घोड्याचा वेळेचा विक्रम तेवढा चौकटीत ठेवला. तू जन्मायच्या आधीचा तो विक्रम, अजून कुणाला मोडता आलेला नाही. हे मी चौथ्या बैठकीत ऐकत होतो आणि दात आवळून बसलो होतो.

कारण तो मोडता मोडता राहिलेला मी पाहिला आहे. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर मैना घोडीवर तू सगळ्यांच्या पुढे होतीस. लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडत होता की शमशेरचा विक्रम गेला, पहिल्यांदाच एक मुलगी चषक नेणार. तुझ्या आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. आणि तू खोगिरात सरळ झालीस, लगाम खेचलास, मैनाला बाहेरच्या कठड्याकडे घेतलंस आणि खाली उतरलीस. बाकीचे घोडे धडधडत निघून गेले. लोकांनी हुर्यो केली ती मला आजही ऐकू येते. मैनाचे मालक मेहरासाहेब सगळ्यांसमोर तुला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, तिचं पाऊल बरोबर पडत नव्हतं." मी विश्वास ठेवला. पण क्लबाच्या मोठ्या डॉक्टरांनी घोडी ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि त्यानंतर दिल्लीत एकाही मालकाने तुला घोडा दिला नाही. तू पुण्याला गेलीस, बँकेत लागलीस. घोड्याचा विषय काढला की फोन ठेवायला लागलीस.

स्मरणिकेत गेल्या वर्षाच्या शर्यतीपुढे आता छापायचं आहे, 'मैना आघाडीवर असताना जॉकी घाबरल्याने थांबली.' मी म्हटलं, 'थांबली' एवढंच लिहा, कारण आपल्याला माहीत नाही. सेक्रेटरी हसले. "बळवंतजी, सबने देखा है. लड़की डर गई." तीन बैठका मी त्या एका शब्दासाठी भांडलो. शेवटी कागद टेबलावर ठेवले, माझं नाव काढून टाका म्हटलं आणि उठून आलो. घरी येऊन तुझ्या आईवर उगाच ओरडलो. ती चहाचा कप माझ्यापुढे आदळून आत निघून गेली.

संक्रांतीला नेहमीसारखा मराठी मंडळाच्या बसने पानिपतला गेलो, काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी. तिथे डॉक्टर अरुणा भेटल्या. आठवतात ना, नागपूरच्या, क्लबात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होत्या? त्यांनी ती नोकरी सोडली आहे. परतताना माझ्या शेजारी येऊन बसल्या. सोनीपत मागे पडलं. मग म्हणाल्या, शर्यतीच्या सकाळी मैनाचा पुढचा उजवा पाय गरम लागत होता. घोडी पळवू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मालकाच्या सांगण्यावरून दुखणं दाबणारं इंजेक्शन दिलं. नंतरच्या एक्स-रेत हाडाला चीर दिसली, पण तो एक्स-रे मोठ्या डॉक्टरांनी दडवला. "ती आणखी थोडी पळली असती तर पाय तुटला असता," त्या म्हणाल्या, "आणि तुमची मुलगी तिच्या खाली सापडली असती." बसमधली मंडळी तिळगूळ वाटत होती. माझ्या हातावर कुणीतरी वडी ठेवली, ती तशीच राहिली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं क्लबात गेलो, लेखी तक्रार दिली. तिथेही तेच. या बाईंनी नोकरी सोडली आहे, राग काढत असतील, म्हणे. एकट्या त्यांच्या सांगण्यावर चौकशी होणार नाही. घोडीवर जी बसली होती तिने समोर येऊन सांगावं, मग बघू. ती तर वर्षभर तोंड उघडत नाही, असंही वर ऐकवलं.

तू म्हणशील, बाबा, आता कशाला, मी ते सगळं मागे टाकलं. टाकलंस, चांगलं केलंस. परत घोड्यावर बस, असं मी म्हणणार नाही. स्मरणिका छापून जाऊ दे, त्यात काय लिहायचं ते लिहू दे. पण काल यंदाच्या शर्यतीतल्या घोड्यांची नावं लागली, आणि त्यात मैना आहे. डॉक्टर अरुणा म्हणतात, ती चीर भरून आलेली नसणार. वर कुणीतरी नवी जॉकी बसणार आहे, पहिलाच चषक, बिचारी खूश आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही आणि माझं तिथे कुणी ऐकत नाही. तू ये, चेतू. एकदाच ये, आणि त्या वळणावर तुला काय जाणवलं ते त्यांच्या तोंडावर सांग.

वाट बघणारा,
तुझाच बाबा