अंगणापलीकडचा टोकेलाऊ

१२ एप्रिल, शिरूर अनंतपाळ
निर्णय पक्का. वहिनींच्या राजवटीतून बाहेर पडायचं. आज पाहुण्यांसमोर, ऐन रंगात आलो असताना, सिंधुवहिनी म्हणाल्या की भावजी, लई भूगोल झाला, आता दळण घेऊन या. लातूरच्या क्लासमध्ये पोरं ज्याच्या हातच्या नोट्सच्या झेरॉक्स काढतात, तो माणूस ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत! गेलो. पण मनाने गेलो नाही.

१३ एप्रिल
मॉडेल सापडलं. टोकेलाऊ! पॅसिफिकमधली तीन बारकी बेटं, लोकसंख्या एखाद्या खेड्याएवढी. विमानतळ नाही, सामोआहून बोटीने जायचं, दिवसभराच्या वर वेळ लागतो. प्रमुखपद दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्याकडे. प्रदेश न्यूझीलंडचा, कारभार स्वतःचा. आमचं काय वेगळं आहे? ग्यानोबादादाचं घर न्यूझीलंड, शेजारच्या आमच्या दोन खोल्या टोकेलाऊ, मधलं अंगण पॅसिफिक. विमानतळ आमच्याकडेही नाही. फक्त चूल वेगळी हवी.

१४ एप्रिल
बायकोला नकाशा काढून समजावलं. वर्षाराणी म्हणाली, ते समदं खरं, पर सैपाक कोण करनार? म्हटलं, प्रमुख करणार, आणि प्रमुखपद फिरतं राहणार. ती हसली. मी ही संमती धरतो.
दादाला कळवलं. तो म्हणाला, हाव, कर की. इतकं सहज? जरा वाईट वाटलं.

२० एप्रिल
सार्वमत. चूल वेगळी, हो की नको? मतदार तीन: मी, वर्षाराणी आणि सुट्टीत घरी आलेला प्रेम. मुलगा असला तरी मत त्याचं त्याला. टोकेलाऊप्रमाणे दोन-तृतीयांश हवेत, म्हणजे दोन. पडलं एक. माझं. हरकत नाही, टोकेलाऊचंही दोनदा थोडक्यात हुकलं. लोकांना स्वातंत्र्याची चव दाखवली पाहिजे. उद्यापासून ट्रायल. पहिला प्रमुख अर्थातच मी.

२१ एप्रिल, दुपार
पिठलं केलं. गुठळ्या झाल्या, पण पोषण तेवढंच. प्रेम पॅसिफिक ओलांडून गेला. विचारलं तर म्हणाला, पप्पा, परदेश दौरा हाय.

२२ एप्रिल
अर्थव्यवस्था. टोकेलाऊ आपल्या समुद्रात मासे धरायचे परवाने विकतं आणि त्यावर मोठी कमाई करतं. आमच्या गच्चीवर वहिनींच्या कुरडया वाळतात. परवाना लागू केला. वहिनींनी कुरडया उचलून नेल्या. दरवर्षी येणारी कुरडयांच्या गरम चिकाची वाटी यंदा आली नाही. परवान्याशी संबंध नसावा.

२३ एप्रिल
पुन्हा पिठलं. संध्याकाळी मारुतीपुढे फोडलेला नारळ खाल्ला, तिकडे नारळावर पिढ्या जगल्या आहेत. माझ्या पोटाला ते माहीत नसावं. वर्षाराणी सकाळपासून तिकडे, कुरडया घालू लागायला. परत आली तेव्हा ओठाला चीक लागलेला.

२४ एप्रिल
परकीय मदत आली! वहिनींनी ताट पाठवलं: आमरस, पोळी, तळलेली कुरडई. टोकेलाऊच्या बजेटलाही न्यूझीलंडचाच मोठा हातभार असतो, त्यात कमीपणा कसला. ताट परत द्यायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, भावजी, पार वाळून गेलाव, बसा की जरा. बसलो. आणखी दोन वाट्या झाल्या. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. कुरडई तिखट नव्हती.

२५ एप्रिल
दुसरं सार्वमत. पुन्हा हरणार हे उघड होतं, आणि त्यात शहाणपण आहे हेही मला आता पटलं होतं. लोकांचा कौल म्हणून डोकं झुकवायचं आणि जेवायला तिकडे जायचं, असं भाषण तयार ठेवलं.
चिठ्ठ्या उघडल्या. हो. हो. नको.
दोन-तृतीयांश! टोकेलाऊला जे जमलं नाही ते आमच्या घरात झालं. वर्षाराणी म्हणाली, तुमी लई मनावर घेतलंव, मन मोडवंना. आन आमचं काय, आमी तर तिकडंच जेवतो.
मग तिने 'नको'ची चिठ्ठी प्रेमला दाखवली. तो म्हणाला, हे अक्षर तर क्लासच्या नोट्समधलं हाय. मी गुप्त मतदानाचं महत्त्व समजावू लागलो, तोवर दोघं अंगण ओलांडून गेले.
तिकडे आज पुरण शिजतंय. इकडे पिठलं ठेवलंय.