तळघरातली गोदडी

आई, आमच्या तळघरात एक बॉयलर आहे. तू इथे आली असतीस तर त्याला बंबच म्हणाली असतीस, आणि फारशी चुकली नसतीस. गॅसवर पाणी तापतं, ते पाइपांतून खोल्याखोल्यांत फिरतं आणि घर उबदार राहतं. पार्सिपनी गावाच्या पुढे टेकडीवर हे घर घेतल्यापासून तो बिचारा मुकाट्याने राबत होता. मग एका हिवाळ्यात बर्फाने वीज गेली, तिच्याबरोबर बॉयलरही बंद पडला, आम्ही कोट घालून झोपलो, आणि तुझ्या जावयाने हौसेने बैठकीत लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला. तिथून दोघांची भांडणं सुरू झाली. बॉयलरला हुकूम देणारा थर्मोस्टॅट बैठकीच्याच भिंतीवर. स्टोव्ह पेटला की थर्मोस्टॅटला वाटायचं सगळं घर तापलं, की बॉयलर बंद. पुढे बैठकीत आम्ही घामाघूम आणि मागची खोली मात्र थंडगार. आम्हा दोघांचं तसंही चालून जायचं. पण या थंडीत लेक तान्ह्या मुलीला घेऊन जर्सी सिटीहून माहेरपणाला आली, आणि तिची खोली नेमकी ती मागची.

बाळंतिणीची खोली गार! मी तुझ्या जावयाच्या मागे भुणभुण लावली. त्याने टेक्निशियन बोलावला. त्या माणसाने थर्मोस्टॅटचा सेन्सर मागच्या खोलीत नेला, म्हणजे आता ती खोली गार पडली की स्टोव्ह पेटलेला असो-नसो, बॉयलर चालू होणार. जाताना त्याने तुझ्या जावयाला तळघरातला एक पाइप दाखवला, बाहेरून हवा आत आणणारा. बॉयलरला जळायला हवा लागते, हा पाइप तसाच राहू द्या, म्हणाला. तुझ्या जावयाने ते चहा पिताना मला सांगितलं. मी ऐकलं. मनात म्हटलं, राहू दे म्हणायला त्याचं काय जातं, त्याला कुठे बाळंतपणं करायची आहेत? त्या पाइपातून बर्फाचा वारा सरळ तळघरात येत होता, तिथून जिन्याने वर, आणि जिन्याचं दार बाळाच्या खोलीला लागून. दाराच्या फटीशी हात धरला तर बोटं गारठत होती.

आता तुला हसू येईल. नाशिकच्या घरी माझं बाळंतपण तूच केलंस. कॉटखाली कोळशाची शेगडी, ओव्याची धुरी, माझ्या कानांत कापूस, डोक्याला फडकं. आणि एवढं सगळं करून खिडकीचं एक दार तू नाडीने बांधून उघडं ठेवलेलं. मी पडल्यापडल्या ती नाडी बघते आहे, बाहेर डिसेंबर आहे. शेजारच्या काकू रोज येऊन म्हणतात, "अहो बाई, वारा लागेल तिला." तू म्हणतेस, "वारा लागला तर औषध आहे." पुढचं बोलत नाहीस. एकदा तू शाळेत शिकवायला गेल्यावर मी उठून नाडी सोडली आणि खिडकी लावून घेतली. दुपारी तू परत आलीस, चपला न काढता खोलीत शिरलीस, खिडकी धाडकन उघडलीस आणि काकूंच्या देखत मला फाडफाड बोललीस. "अक्कल गहाण टाकलीस का? लेकरू शेजारी आहे ना?" मी रडले. शाळेतल्या पोरांना गणित दहादा समजावायचीस, पण घरात तू कधी काही समजावून सांगितलं नाहीस. मी तो तुझा विक्षिप्तपणा समजले आणि विसरून गेले.

तर मी तो पाइप बंद केला. कशाने, ते सांगायला जीभ रेटत नाही. मी पहिल्यांदा इकडे निघाले तेव्हा तू शाळेत नेसायच्या वॉयलच्या साड्यांची गोदडी शिवून दिली होतीस, "तिकडे थंडी असते म्हणे." ती तळघरातल्या ट्रंकेत होती. जाड, मऊ, पाइपात गच्च बसली. मला तर बरंच वाटलं, पणतीला पणजीची गोदडी राखते आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक उठली ती डोकं धरूनच. मी म्हटलं, "वारा लागला. कानात कापूस घाल म्हणून किती वेळा सांगितलं!" ती म्हणाली, "आई, प्लीज, इट्स नॉट वारा. आय फील सिक." बाळ नेहमी दुधासाठी घर डोक्यावर घेतं, ते त्या दिवशी नुसतं पडून होतं. मी म्हटलं, शहाणं गं माझं बाळ. स्टोव्ह धुमसत होता, बॉयलर धडधडत होता, आणि मी पोह्यांच्या तयारीला लागले. कढई ठेवण्याआधीच ओट्यावरचा एक्झॉस्ट फुल्ल लावला. इथे आपल्यासारख्यांच्या घरात तो दांडगाच बसवतात, कोटांना फोडणीचा वास लागू नये म्हणून. तेवढ्यात पॅसेजमधला, धूर आणि विषारी वायू हुंगणारा अलार्म कोकलायला लागला. तुझा जावई सवयीने स्टूल घेऊन धावला. आमच्याकडे अलार्म वाजला की फोडणीला शिव्या घालायच्या आणि बॅटरी काढायची, ही वर्षानुवर्षांची रीत. तो स्टुलावर चढला, झाकण उघडलं, आणि ओरडला, "अगं, फोडणी जरा बेताने!"

आई, मोहरी अजून डब्यात होती. गॅससुद्धा पेटवला नव्हता.

मी कढईकडे पाहिलं, वर त्याच्या हातातल्या बॅटरीकडे पाहिलं. धूर नाही तर हा कशासाठी ओरडतोय? मी मागच्या खोलीत धावले, बाळाला उचललं, लेकीला दंडाला धरून ओढलं. ती अनवाणी होती. "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी तशीच बर्फात, दारापुढच्या ड्राइव्हवेवर जाऊन उभी राहिले, बाळाला पदरात नव्हे तर स्वेटरात कोंबून. थंड हवेत त्याने तोंड वाकडं केलं, श्वास ओढला आणि असं भोकाड पसरलं की मला त्याचे पाय धरावेसे वाटले. तुझ्या जावयाने फोन केल्यावर आगीचा बंब आला, त्या लोकांनी घरभर यंत्रं फिरवली, सगळं बंद केलं. हॉस्पिटलात मायलेकींना तपासून ठीक आहेत म्हणून सांगितलं. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता.

तिथून तुझा जावई दोघींना इथल्या एका शेजारणीकडे घेऊन गेला. टेक्निशियनची वाट बघायला मी एकटीच घरी थांबले, मुद्दामच. त्याने पाइपातून गोदडी उपसली, झटकली आणि माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे समजावलं. स्टोव्हला हवा लागते, बॉयलरला लागते, एक्झॉस्ट तर खेचूनच घेतो. बाहेरून वाट नसली की आधी स्टोव्ह आणि मग एक्झॉस्ट बॉयलरची चिमणीच उलटी ओढतात आणि विषारी वायू घरात येतो. त्याने स्टोव्हसाठी बाहेरच्या हवेचा वेगळा पाइप टाकला, आणि एक्झॉस्ट लावायचा तर आधी खिडकी बोटभर उघडा, म्हणाला. खिडकी म्हटल्यावर मला कॉटखालची शेगडी आणि तुझी ती नाडी आठवली, आणि मी तळघराच्या पायरीवर बसून रडले. त्याला वाटलं, खर्चाला घाबरली.

लेक शेजारणीकडून यायला तयार नव्हती. जर्सी सिटीला परत जाते म्हणाली. फोनवर विचारलं, "आई, खरं सांग. काय झालं होतं?" मी म्हटलं, "हवा कमी पडत होती. आता नीट केलंय." ती आली. तुझ्या जावयाला संशय आहे, पण तो विचारत नाही, कारण बॅटरी काढायला स्टुलावर तोच चढला होता.

गोदडी मी धुऊन वाळत घातली होती. आज लेकीने ती उचलून बाळाखाली अंथरली. "आजीची ना? सो सॉफ्ट!" मी हो म्हटलं. मग स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडली. ती म्हणाली, "एवढ्या थंडीत?" मी म्हटलं, "आजी असंच करायची." तिने मान डोलावली, आणि मी पोह्यांना लागले.

तिला सांगितलं तर ती बाळ घेऊन जाईल, आणि पुन्हा माझ्या भरवशावर ठेवणार नाही, याची मला भीती वाटते. तू आता नाहीस, तुला हे पोचणार नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं. पोचणार असतं, तर तुलाही तेवढंच कळवलं असतं: हवा कमी पडत होती, आता नीट केलंय.