आधी शेवटची गाडी

आप्पा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. बेळगावच्या शाळेत मी मुख्याध्यापिका झाले, निवृत्त झाले, तुमचे जावई चार वर्षांपूर्वी गेले, तुमचा नातू बेंगळुरात नोकरीला लागून तिथलाच झाला. पण तुम्ही असता तर हे सगळं तुम्हाला निपाणी स्टँडवरच्या तुमच्या कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसल्या जागी कळलं असतं. बेळगावहून येणारा कुठलाही कंडक्टर तुमच्या खिडकीशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय पुढे जात नव्हता. आज लिहिते आहे ते एका पैजेबद्दल. ती मी गाड्यांच्या वेळांवर लावली, म्हणजे तुमच्याच भरवशावर लावली, तेव्हा निकाल तुम्हाला कळवायला हवा.

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे बेंगळुरात होते. एके दिवशी जेवताना त्यानं विषय काढला. "आई, बास झालं आता बेळगाव. घराला कुलूप लाव आणि हितंच ऱ्हा. एकटी असतीस. काय झालंबिलं तर मी पाचशे किलोमीटर लांब." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीया? कुठंबी एकटी जाऊन येते मी." तो हसला. "कुठंबी? कोपऱ्यावरच्या मेडिकलला जाताना सुनेला बरोबर घेतीस." झालं, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, या राजधानीच्या आसपासची तीन जुनी गावं सांग, तुझ्या मोटारीला हात न लावता, सरकारी बस आणि रेल्वेनं एकटी जाऊन संध्याकाळी साडेसातच्या आत या दारात उभी राहीन. तीनही वेळा आले, तर मी बेळगावला माझ्या घरी जाणार आणि हा विषय पुन्हा निघायचा नाही. एकदा जरी उशीर झाला, तर घराला कुलूप. सून मधे पडायला बघत होती, पण आम्ही दोघंही तुमच्याच रक्ताचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण शब्द तोंडातून गेला होता.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले आणि मला आपलं निपाणीचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. उद्या तुमची सुट्टी आहे. आई चुलीपुढे दशम्या करते आहे, आणि तुम्ही पाटावर बसून जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पन्हाळ्याची सहल आखता आहात. लाल पेन्सिलीनं आपल्या राज्याच्या गाड्या, निळीनं पलीकडच्या राज्याच्या. मी विचारते, सकाळी कितीला निघायचं? तुम्ही मान वर न करता म्हणता, "ते मागनं. आधी शेवटची गाडी बघायची गं. तिकडनं शेवटची कवा सुटती ते कळलं, की तिच्या आधीची आपली. शेवटची गाडी आपली न्हवं, ती अडलेल्या माणसाची." आपण गेलो त्या दिवशी सीमेवर कसली तरी गडबड होती आणि आपल्या गाड्या कोगनोळीच्या पुढे सोडत नव्हते. बाकीची माणसं कपाळाला हात लावून बसली. तुम्ही मात्र पिशवी खांद्याला लावून म्हणालात, "चला, नदीचा पूल चालत जाऊया, कागलाकडं निळी गाडी हाय." आणि होती. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. दोन राज्यांचं वेळापत्रक पाठ असलेला बाप जगात दुसऱ्या कुणाला नसेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

तुमच्या त्याच रीतीनं मी बेंगळुरातून निघाले. पहिलं श्रीरंगपट्टण. म्हैसूरच्या रेल्वेनं जायचं, स्टेशनातून बाहेर पडलं की किल्ला समोरच. मी तटावरून हिंडले, देवळात गेले, कावेरीच्या पायऱ्यांवर बसून दशमी खाल्ली आणि संध्याकाळी पाचला घरी येऊन सगळ्यांचा चहा मीच केला. मुलगा म्हणाला, "हे सोपं होतं." दुसरं लेपाक्षी, ते तर आंध्रात. सून म्हणाली, "आई, दुसऱ्या राज्यात कशाला?" तिला काय माहीत, सीमा ओलांडायची म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला उलट हुरूप येतो. हिंदूपूरपर्यंत रेल्वे, तिथून बस. स्टँडवर मी माझ्या बेळगावी कानडीत विचारलं, त्यांनी तेलुगू मिसळून सांगितलं, आणि तेवढ्यावर माझं छान भागलं. भला मोठा दगडी नंदी बघितला, जमिनीला न टेकणारा तो खांब बघितला, सगळ्यांसारखीच मीही त्याच्याखालून पदर सरकवला. सात वाजून दहा मिनिटांनी दारात. मुलानं फक्त घड्याळाकडे बघितलं. मी मात्र बोलले, पुष्कळ बोलले. तुमचं नाव सतरा वेळा घेतलं असेल.

तिसरं मेलुकोटे. ते त्यानं मुद्दाम निवडलं होतं, कारण तिथे रेल्वे नाही. मंड्यापर्यंत रेल्वे, पुढे डोंगरावर बस. मंड्याच्या स्टँडवर मी तुमच्या पद्धतीनं सरळ कंट्रोलरची खिडकी गाठली आणि परतीच्या गाड्या विचारल्या. माझ्या कानडीतलं बेळगावकडचं 'री' ऐकून आतल्या माणसानं मान वर केली. "कुठलं गाव, आक्का?" म्हटलं, बेळगाव, माहेर निपाणी. तो खुर्चीतून उठलाच. "आमचं निपाणीजवळचं बोरगाव की! नोकरीसाठी हिकडं येऊन पडलोय, मराठी बोलायला माणूस घावत न्हाय." चहा मागवला. मग सांगितलं, मंड्याला थेट येणारी तीनची गाडी आणि साडेचारची शेवटची. मी मनात म्हटलं, म्हणजे तीनची आपली. तो म्हणाला, "तीनच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्यातलाच हाय. फोन करून सांगतो, चार मिन्टं थांबंल तुमच्यासाठी." मी म्हटलं, "काही नको. माझे वडील कंट्रोलर होते निपाणीला. मी कॉलेजला दोन वर्षं रोज निपाणी ते कोल्हापूर केलंय. एकदाही गाडी चुकली नाही माझी." तो गालात हसला. "कंट्रोलरच्या लेकीची गाडी कशी चुकंल, आक्का? घरच्या माणसासाठी आमी समदेच थांबवतो की." मला ते नीटसं कळलं नाही आणि मी ते सोडून दिलं. आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसले. आता आपल्या राज्यात बायकांना साध्या बसला पैसे पडत नाहीत, हे तुम्हाला पटलं नसतं. सुट्या पैशांवरून भांडण नाही म्हटल्यावर कंडक्टरनं दिवसभर करायचं काय, असं तुम्ही म्हणाला असतात.

मेलुकोट्याला डोंगरावरच्या नरसिंहाचं दर्शन झालं, खाली कल्याणीच्या, म्हणजे देवळाच्या तळ्याच्या, कट्ट्यावर पानातला चिंचेचा भात खाल्ला. सगळं वेळेत होतं. पावणेतीनला उठले आणि मग खालच्या देवळाच्या रस्त्यावर एका म्हातारीकडून सुनेसाठी तुळशीची माळ घेताना बोलत राहिले. स्टँडचं वळण दिसलं तेव्हा तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. गाडी समोरच होती. मी हात वर केला आणि चालत राहिले. ऐका आप्पा, मी पळाले नाही. गाडी माझ्यासाठी थांबलेली आहे याची मला खात्रीच होती. ती निघाली, वळली आणि उतरणीला लागली. मी हात वर करून उभी.

मग मला बोरगावकराचं बोलणं कळलं. स्टँडच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या कॉलेजची दोन वर्षं डोळ्यांपुढून गेली. सकाळी सातची कोल्हापूर गाडी. मी ओले केस, हातात चपला आणि छातीशी पुस्तकं अशी धावत येते. गाडी उभी असते, इंजिन चालू असतं, ड्रायव्हर माझ्याकडे बघून तोंड फिरवतो. तुम्ही केबिनमध्ये पाठ करून काहीतरी लिहीत असता. मी चढते, तुम्ही मागे न बघता हात हलवता आणि गाडी निघते. संध्याकाळी घरी मात्र तुम्ही डाफरता, "गाडी काय कुणाच्या बापाची वाट बघत न्हाय! जरा लवकर उठत जा." आणि मी मनात म्हणते, उगाच बोलतात, मी तर रोज वेळेवर पोचते. कोल्हापूरहून परतताना सुद्धा ड्रायव्हर निघण्याआधी मागे वळून विचारायचा, "बाई आल्या व्हय?" मला वाटायचं, किती सभ्य माणसं आहेत. पन्नास-साठ माणसं रोज माझ्या वेणीसाठी खोळंबत होती, आणि मी सदुसष्टाव्या वर्षापर्यंत स्वतःला वक्तशीर समजत होते. शाळेत उशिरा येणाऱ्या किती पोरांना मी दाराबाहेर उभं केलं! मला आधी हसू आलं, मग रडू आलं. तुमचा राग आला आणि तुमची फार आठवण आली.

तुमचा नियम मात्र खोटा ठरला नाही. साडेचारची होती; मीच ती अडलेली बाई. ती आली, मी बसले, आणि बसल्यावर मुलाला फोन केला. म्हटलं, "देवळात रांग होती रे, तीनची मीच सोडली. उशीर होईल." त्याच्याकडे मागे ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. मी विचारलं, कुठं आहेस? म्हणाला, "ऑफिसच्या बाहेर चहाला आलोय. सावकाश ये गं, गडबड करू नको." घरी पोचायला मला पावणेनऊ झाले. शब्द म्हणजे शब्द. मी चपला काढता काढताच म्हटलं, "हरले मी. लावा कुलूप." तो ताटं मांडत होता. म्हणाला, "रांगेला तू काय करणार? ती काय तुझी चूक न्हाय. जिंकलीस तू." आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच माझं बेळगावचं तिकीट काढलं. मी बॅग भरली. जिंकल्यासारखं तोंड करून बेळगावला आले. शेजारपाजारी सगळ्यांना तीन गावांचे किस्से सांगितले आणि मेलुकोट्याच्या किश्शात रांग वाढवत वाढवत पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेली.

मागच्या आठवड्यात सुनेचा फोन आला होता. बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं. माझा फोन कुठे आहे ते मुलाला त्याच्या फोनवर दिसतं. पहिल्या सहलीच्या दिवशीच त्यानं तशी सोय करून ठेवली होती. मेलुकोट्याच्या स्टँडवर तीननंतर माझा ठिपका हलेना, तसा तो मीटिंगमधून उठला आणि मोटार घेऊन निघाला. वाटेतल्या रामनगरपर्यंत आला होता. तेवढ्यात ठिपका मंड्याच्या वाटेला लागला, आणि मागोमाग माझा फोन. तो रस्त्याच्या कडेला थांबून माझ्या रांगेची गोष्ट ऐकत होता. मग त्यानं गाडी वळवली, घरी गेला, भात लावला. "मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नका हं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तर आप्पा, निकाल हा असा आहे. बेळगावच्या घरात मी आहे, सकाळी टिळकवाडीत पायी फिरायला जाते, भाजी मी आणते, बिलं मी भरते, आणि सगळं ठणठणीत चाललं आहे. मुलाशी रोज बोलते, पण रांग नव्हती एवढं वाक्य अजून तोंडातून निघालेलं नाही. हा कागद खरं तर त्यालाच लिहायला हवा होता. दोनदा त्याच्या नावानं सुरुवात केली, दोनदा फाडला आणि मग तुमच्या नावानं लिहायला घेतला, कारण तुम्ही काही करू शकत नाही. त्याला मात्र खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं लागेल: त्या कट्ट्यावर दीड तास मी घाबरून बसले होते आणि त्याचा नंबर तीन वेळा काढून तीन वेळा ठेवला. हे वाचलं की तो त्याच दिवशी मला न्यायला येईल, आणि मी नको म्हणेन असं मला छातीठोक सांगता येत नाही.