लॅपटॉप बागेत का आला नाही

गिबारा, क्युबा,
रविवार, १८ फेब्रुवारी २०१८

चि. दायामी हिस,

पापाचे भरभरून आशीर्वाद. इकडे मी बरा आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही. समुद्र जागेवर आहे, पाव रोजच्यासारखा उशिरा येतो, आणि गेल्या आठवड्यात तुझ्या आईच्या कबरीवर फुलं ठेवून आलो. मिसाएल आजारी आईला भेटायला आला होता, तो बुधवारी परत तुमच्या ग्वायाकिलला निघतोय. त्याच्या हाती हे पत्र देतो.

आपलं बोलणं होऊन चार महिने झाले. तुझे दिवस भरत आले असतील. मार्चचा पहिला आठवडा म्हणाली होतीस, मी बोटांवर मोजत असतो. तू म्हणत असशील, दर रविवारी चारच्या ठोक्याला बागेत येऊन बसणारा म्हातारा गेला कुठे? तर ऐक. लॅपटॉप बिघडला.

जाताना तूच त्यात लिनक्स घालून दिलंस. म्हणालीस, पापा, याला व्हायरस लागत नाही आणि म्हातारं यंत्रसुद्धा याच्यावर पळतं. पळत होतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा बागेत उघडलं तर वरच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हच नाही. अख्ख्या गावाचं वायफाय त्या बागेतच, त्यामुळे बाकाबाकांवर माणसं मियामीशी, माद्रिदशी ओरडून बोलतायत, एक बाई पडद्याचे मुके घेतेय, आणि मी आपला रिकाम्या कोपऱ्याकडे बघतोय.

चाळीस वर्षं मी या गावाचे रेडिओ दुरुस्त केले, पण या पेटीत ना वाजणारं काही, ना जळका वास. शेवटी जानेवारीत लायब्ररीतल्या नेरेइदाला बोलावलं. तुला संगणक शिकवला तीच. पन्नाशी गाठली, जिभेची धार तशीच आहे. आल्या आल्या कॉफी मागितली, चार प्रश्न विचारले, मग काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं.

"कार्ड दिसतंय," ती म्हणाली. "म्हणजे कान शाबूत आहेत, पण ऐकायचं नाहीये. मालकावर गेलंय."

तिचा संशय ड्रायव्हरवर. कार्डाला बोलतं करणारा तो छोटा प्रोग्राम, नव्या अपडेटमध्ये हरवला असेल म्हणे. तो आणायचा इंटरनेटवरून, आणि इंटरनेट येणार तो आल्यावर. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. नेरेइदा ट्रकच्या मागे उभी राहून होल्गिनला गेली, पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर घेऊन आली. घातला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. काही नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा आणायला पुन्हा गेली, येताना पावसात भिजली. तरी काही नाही.

तर हे असं आहे. माझा इलाज नव्हता. उद्या ती परत येणार आहे. तब्येतीला जप, जड उचलू नकोस, आणि तिकडे मिळत असेल तर मलांगाच्या कंदाचं सूप पी, तुझी आई तुझ्या वेळी तेच प्यायची.

मंगळवार, २० फेब्रुवारी

वरचं फाडून टाकणार होतो. नेरेइदा म्हणाली, "फाडायचं नाही. पोरीला दोन्ही वाचू देत." म्हणून खाली लिहितोय.

काल ती आली. एक नवीन आज्ञा टाइप केली आणि उत्तरात दोन ओळी आल्या. त्या तिने मला मोठ्याने वाचून दाखवल्या. प्रोग्रामने अडवलंय का? नाही. हाताने अडवलंय का? होय.

  तिने लॅपटॉप उचलला, पुढच्या कडेवरून नख फिरवलं, आणि तिथली वायफाय चालू-बंद करायची तांदळाएवढी कळ डावीकडून उजवीकडे सरकवली. निळा दिवा लागला.

"पहिल्याच दिवशी मी काय विचारलं होतं, एवेलियो?"

"काय?"

"कळ चालू आहे ना, हे विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, हो, मी बघितली. रेडिओवाल्याला हे दुसऱ्यांदा काय विचारायचं, म्हणून मी सोडून दिलं. दोनदा होल्गिनला गेले मी! ही कळ आपोआप सरकत नाही."

माझ्याकडे लोक रेडिओ घेऊन यायचे, आवाजाचं बटण नुसतं शून्यावर असायचं. मी ते हळूच फिरवायचो आणि रेडिओ दोन दिवस ठेवून घ्यायचो, बिचाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून. नेरेइदाने माझा तेवढा मुलाहिजा ठेवला नाही. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काय झालं ते सांगितल्याशिवाय मी हलणार नाही. आणि कॉफी आणा."

तिला सांगितलं ते आता तुला सांगतो. तुला माहीतच आहे, पण मी ते कबूल केलेलं तुला माहीत नाही.

आपण शेवटचं बोललो त्या रविवारी तू हसत होतीस. केस ओले होते तुझे. म्हणालीस, पापा, मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला बाळ होणार आहे, तुम्ही इकडे या, माझ्याजवळ राहा. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. दोन वर्षांत परत येते म्हणाली होतीस ना, तेवढंच डोक्यात होतं. ही आता यायची नाही, एवढंच मला कळलं. आणि मी म्हणालो, "जे लेकरू मला मांडीवर घेता येणार नाही, ते मला दाखवूही नकोस."

तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तू परत लावणार हे ठाऊक होतं, म्हणून अंगठ्याने कळ सरकवली आणि झाकण मिटलं. यंत्र बिघडलेलं कधीच नव्हतं, पोरी. ते बिघडलेलं आहे असं धरून चाललं की माझं काही चुकलं नव्हतं. त्या बाईला मी पावसात होल्गिनला पाठवलं, पण कळ चालू आहे की नाही ते बघू दिलं नाही.

आणखी एक. शेजारच्या ओर्तेन्सियाला तू दोनदा फोन केलास. तिने तुला सांगितलं की मी मासे धरायला गेलोय. मी तिच्या स्वयंपाकघरात उभा होतो. तुझा आवाज तिच्या कानाला लागलेल्या फोनमधून मला ऐकू येत होता. तू विचारलंस, "जेवतात ना नीट?" मला तिच्या हातातून तो फोन हिसकावून घ्यावासा वाटला. नाही घेतला. शरमेने हात वर होत नव्हता.

मला तुझी फार आठवण येते, दायामी. त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं. तुझी खोली मी रोज झाडतो आणि झाडून झालं की तिथेच बसून राहतो. एकटा माणूस वाकड्यात शिरतो, आणि शिरल्यावर त्याला मागे फिरायची वाट सापडत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण काहीही असो, कोणत्याही बापाने आपल्या लेकीला तसं बोलू नये.

मुलगा आहे की मुलगी, तेही मी विचारलं नाही. नेरेइदाने विचारलं तेव्हा ते ध्यानात आलं.

या रविवारी चार वाजता मी बागेत असेन. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्याही. तू दवाखान्यात असशील, झोपली असशील, रागात असशील, काही हरकत नाही. बॅटरी दोन तास टिकते, तेवढा वेळ मी बसेन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पण बाळ आलं की मला दाखव. मांडीवर घेता नाही आलं तरी दाखव. झोपलेलं असलं, रडत असलं, पाठमोरं असलं, तरी दाखव.

तुझा पापा, आणि तू म्हणू दिलंस तर त्या बाळाचा आजोबा,
एवेलियो