कलिंगडाच्या फुलांवर कोणीच आलं नाही

आई, तू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी बांधावरची झुडपं मी काढून टाकली. निगडी, करवंद, धायटी, कडेची रानतुळस, सगळं मुळापासून. मला वाटायचं, त्या झाडीच्या आडून चुलतभाऊ दरवर्षी वीतभर बांध आपल्या बाजूला सरकवतोय. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कंपनीत पॅकिंगला जात होते तेव्हा दुसऱ्या शिफ्टच्या बायका माझे हातमोजे बदलून नेतात, असं मी घरी येऊन सांगायचे आणि तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "तुला सपनात पण कोनतरी फसवतंय गो." झुडपं काढल्यावर बांध मोजला. तो होता तिथेच होता. पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरची ती बाई तुला आठवत असेल. पावसाच्या तोंडावर यायची, बांधावरच्या जांभळाच्या ढोलीतलं सातेरी मधमाश्यांचं पोळं अर्धं काढायची, अर्धं ठेवायची. तू चुलीपुढे बसली आहेस, जुन्या धोतराच्या फडक्यातून मध गाळते आहेस, आणि ती आत येऊन भिंतीला टेकून आपल्या घरातल्याच कपातून चहा पिते आहे, असं मला अजून दिसतं. तू गेल्यावर मी तिला चहा ओटीवर द्यायला लागले. कप वेगळा. ती पिऊन झाल्यावर तो स्वतःच विसळून ठेवायची.

आणि एक दिवस आठवतो, मी आठ-नऊ वर्षांची असेन. काकडीच्या मांडवाखाली एका फुलात मधमाशी शिरली होती. ती आत कशी गुणगुणते ते ऐकायला मी फूल मुठीत मिटून कानाला लावलं. तू माझी मूठ सोडवलीस, जरा जोरातच. म्हणालीस, "तिचं काम चाललंय. तू तुझं कर." मला तेव्हा फक्त राग आला होता.

कंपनी सोडून मी कालव्याच्या पाण्यावर कलिंगड लावायला लागले. पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग फळं वाकडी यायला लागली, एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला चिमटलेली. पुष्कळशी तर लिंबाएवढी होऊन पिवळी पडायची आणि गळायची. मी आधी बियाणंवाल्यावर संशय घेतला. पिशवीत वाकडी फळं घालून एसटीने पेणला गेले आणि त्याच्या टेबलावर ओतली. तो म्हणाला, "बियाणं चांगलं आहे ताई, कीड असेल. हे औषध मारा." त्याच्यावर विश्वास नव्हता, तरी बाटली घेऊन आले. दर आठ दिवसांनी सकाळी, ऊन चढायच्या आत, पंप पाठीला लावून मी मारत होते. फळं आणखी कमी झाली. मग मला वाटलं, चुलतभाऊ पाण्यात काहीतरी सोडतोय.

त्यानंतर पाळी बाईची आली. जांभळाखाली ती धुराची चूड घेऊन उभी दिसली आणि मी तिथूनच ओरडले, "तुझ्या धुराने माझी फुलं गळतात. इथे काय करतेस तू?" तिने चूड मातीत विझवली. म्हणाली, "पोळं रिकामं हाय, बाय. चढून बघ." मी चढले नाही. त्या वर्षानंतर ती आली नाही. माझा संशय आणखी पक्का झाला. खरी असती तर आली असती, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या हंगामात वेल फुलावर आला तेव्हा ठरवलं, आता चोर पकडायचाच. उजाडताच जाऊन पंपघराच्या आडोशाला बसले. ऊन येतं तशी फुलं उघडायला लागतात. सगळं शेत पिवळं होतं. सात वाजतात, आठ वाजतात. चुलतभाऊ येत नाही, बाई येत नाही, बांधावरून कोणी जात नाही. नऊच्या सुमाराला माझ्या लक्षात येतं की एवढ्या फुलांमध्ये साधा आवाजसुद्धा नाही. एक फुलपाखरू वरून कालव्याकडे निघून गेलं, तेवढंच. मी एका वेलापाशी बसले, मग दुसऱ्यापाशी. एकाही फुलावर माशी नव्हती. जांभळाखाली गेले. बुंध्याशी मेलेल्या माश्यांचा वाळका भुगा पडला होता, जुना, मुंग्यांनी पोखरलेला.

तेवढ्यात पलीकडून चुलतभाऊ पंप घेऊन आला. "काय गो, चौकीला बसलीस?"

"एवढ्या सकाळी औषध का मारतोस? फुलं उघडी आहेत."

"तुझं बघूनच मारतो. काल तू नाय मारलंस?"

काल सकाळी, अशाच उघड्या फुलांवर, मी मारलं होतं.

चार दिवस गेले आणि मी वाडीवर गेले. बाई दारात सुकट निवडत होती. मला बघून तिने पाट सरकवला, चहा टाकला. मी सगळं सांगितलं, माझ्या ओरडण्याचंसुद्धा. ती ऐकून म्हणाली, "तुझ्या आयशीने कधी इचारलं नाय, का आलीस म्हणून." एवढंच. मला वाटलं, ती येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच ती शेतात होती. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्या फुलाखाली बारीक फळ असेल त्याच्या तोंडाला हलकेच लावायचं, हे माशीचं काम तिने मला शिकवलं. दहा वाजेपर्यंत आम्ही जेमतेम सहा ओळी केल्या. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "माशी पाठ धरून बसत नाय."

पावसाळ्यात तिनेच डोंगरातून निगडी, धायटी, करवंद आणून दिली. आम्ही दोघींनी बांधावर लावली. औषध मी जवळजवळ बंद केलं. मारायचंच झालं तर फुलं मिटल्यावर, सांजेला, असं चुलतभावाशी बोलणं झालं. तो "व्हय" म्हणाला. आता निगडीवर फुलोरी माश्यांनी लहानसं पोळं धरलं आहे. बरीच फळं गोल येतात, सगळी नाही. चुलतभावाच्या "व्हय"वर मात्र माझा भरवसा नाही. मी अधूनमधून बांध ओलांडते आणि त्याच्या वेलाची पानं हुंगून बघते. अजून तरी काही सापडलेलं नाही.

आणि यंदाचं सांगायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच लिहायला बसले. फुलं ऐन भरात असताना वेलावर माव्याची कीड पडली, पानं आकसली. सांजेपर्यंत थांबायला हवं होतं. मला धीर निघाला नाही. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी पंप भरला आणि सकाळीच पाच ओळी मारल्या. दुपारी बाई आली. बांधावर थांबली आणि म्हणाली, "वास येतोय गो."

मी म्हटलं, "त्याच्या बाजूने येतोय."

तिने चुलतभावाच्या शेताकडे बघितलं. मग मान हलवून कामाला लागली. माझं बोलणं तिने एका शब्दानेही तपासलं नाही. तिला खरं सांगायचं अजून जमलेलं नाही, आई. तुला सांगितलं, कारण हा कागद तुझ्यापर्यंत येणार नाही.