पाटीवरचं नाव

४ सप्टेंबर २००६

— साहेब गाळा बघायला आले त्या दिवशीही पाणी साडेपाचलाच आलं होतं. पिंप भरलं, लेकीचा, उन्नतीचा डबा केला, कातरलेले वॉशर गोणीत भरून ठेवले. जयदेव दाढी करता करता म्हणाले, "आज ती मोरपिशी साडी नेस. साहेब येणारेत." (ते असताना कधी नाव घेतलं नाही. आता इथे लिहिते.)

साहेब म्हणजे उद्योग खात्याचे. आनंदनगरचा गाळा माझ्या नावावर. बाईच्या नावाने घेतला तर सवलत होती. साहेब यायचे तेव्हा मी जाऊन जयदेवांच्या खुर्चीत बसायची. उत्तरं पाठ असायची. माल काय? पंपाचे रबरी वॉशर. कामगार किती? सहा. प्रेस किती? त्या दिवशी मी दोन म्हणाले. मागे रबर दाबायच्या तीन प्रेस चालू होत्या. साहेब म्हणाले, "काय मॅडम, एक विकलीत वाटतं."

जेवताना जयदेव आठवून आठवून हसत होते.

त्यांना जाऊन आज आठ महिने झाले.

६ सप्टेंबर

हरिचंद्रभाऊजी आले होते. माझे धाकटे दीर. जयदेव गेल्यापासून गाळा तेच बघतात.

"वहिनी, पाटीवर अजून सौ. आहे. बरं नाही दिसत. पेंटर बोलवायचाच आहे, तर एकदाच नाव बदलून टाकू."

"कोणाचं घालणार?"

"माझं. सोमवारी वकिलाकडे जाऊ. तुम्ही सही मारा आणि घरी आरामात बसा. घरखर्चाचं मी बघतो."

माणूस वाईट नाही. जयदेवांच्या उशाशी दवाखान्यात तेच बसायचे. गाळा त्यांच्या नावावर करायचा कागद ठेवून गेले.

७ सप्टेंबर

कागद वाचला. माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर आणि उन्नतीच्या पुस्तकांवर झालं. वकिलांची भाषा अवघड, पण बोट ठेवून गेलं की कळते.

एका ओळीवर बोट थांबलं. 'सदर धंद्याची मला काहीही माहिती नसल्याने मी राजीखुशीने...'

तीनदा वाचली. खोटी म्हणवेना. गिऱ्हाइकं मला ठाऊक नाहीत. गाळ्यात अकरा वर्षांत पंधरा वेळा गेले असेन, तेही मोरपिशी साडीत.

८ सप्टेंबर

काही नाही. गोणी आली. कातरत बसले.

९ सप्टेंबर

प्रेसमधून निघालेल्या वॉशरला कडेने जास्तीचं रबर चिकटलेलं असतं. ते मी घरी कातरते. अकरा वर्षं. कालच्या मालाला नख लावलं तर खूण तशीच राहिली. म्हणजे कच्चा. घाईने प्रेसमधून काढलाय.

संध्याकाळी सगुणाबाई दुसरी गोणी घेऊन आली. खरवई गावची. पहिल्यापासून आमच्याकडे प्रेसवर आहे. तिला विचारलं.

"व्हय बाय. दोन मिनटा आधी काढाला सांगतान. माल जास्त निंगतो म्हणं. कल्याणच्या पार्टीनं आख्खा माल परत धाडला."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"मी कोन बोलनारी? पाटीवर तुजा नाव हाय."

१० सप्टेंबर

भाऊजींना बोलावलं. वॉशर हातात दिला, नख लावून दाखवलं. त्यांनी दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"हे दादाने शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. माल घरीच येतो ना."

बराच वेळ वॉशर दाबत बसले. मग म्हणाले, "बरं, वेळ वाढवतो. उद्या अकराला वकिलाकडे, लक्षात आहे ना?"

चहा अर्धा ठेवून गेले.

जयदेव असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करून पाहिला. साडी कोणती नेसू तेवढं सांगितलं असतं. त्यात राग नाही. तसंच होतं ते.

११ सप्टेंबर

अकरा वाजता भाऊजी रिक्षा घेऊन आले. 'माहिती नसल्याने' या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली होती. कागद तसाच परत दिला. सही नाही केली.

"वहिनी, लोक काय म्हणतील? गाळ्यात बसणार तुम्ही?"

"तुम्हीही या. गिऱ्हाइकं तुम्हाला ठाऊक आहेत. मला माल ठाऊक आहे."

कागद घेऊन रिक्षात बसले. येतील की नाही, माहीत नाही.

१२ सप्टेंबर

रोजची साडी नेसून आठ वाजता गाळा उघडला. पेंटरला बोलावून पाटीवरचं 'सौ.' पुसलं, तिथे 'श्रीमती' लिहून घेतलं. बाकीचं नाव तसंच ठेवलं.