बारा नंबरची काच

कल्याण,
माघ शुद्ध नवमी, शके १८१७

चि. श्रीपादास अक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी पेटी काल दुपारी तुझ्या गड्याने, विठ्ठलाने, सुखरूप आणून दिली. एकही काच तडकलेली नाही. बिचारा ठाण्यापासून मांडीवर घेऊन बसला होता, पाय अवघडून गेले म्हणाला. त्याला ताक-भात वाढला आणि परतीला वालाच्या शेंगा दिल्या आहेत. चि. सौ. वासंतीला सांग, कोवळ्या आहेत, आजच सोलून टाक.

इकडे सगळे खुशाल. आनंदचा खोकला थांबला. सूनबाई नंदा हिने यंदा मिरच्यांचं लोणचं घातलं, ते माझ्यापेक्षा चांगलं झालं. हे तिला मात्र कळवू नकोस.

बावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहितोस, तुमच्या ठाण्याच्या आळीतल्या मंडळींनी आग्रह धरला म्हणून वद्य अष्टमीला आपल्या आप्पांचा जादूच्या कंदिलाचा, काचेवरची चित्रं पडद्यावर पाडायचा खेळ पुन्हा करायचा ठरवलास. उत्तम केलंस. आप्पा त्या वेळी काय काय बोलत ते मी लिहून पाठवावं, म्हणजे तुमचे तरुण मास्तर ते वाचून दाखवतील, असंही लिहितोस. आणि शेवटी बारा नंबरच्या काचेबद्दल दोन ओळी. त्याचं पुढे लिहिते.

आधी काचांचं ऐक. सकाळची कामं आटोपून ओटीवर बसले आणि एकेक काच उजेडाला धरून पाहिली. चाळीस वर्षं होत आली रे! शेवटचा खेळ झाला तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी तेरा. इतक्या वर्षांत माझ्या मनात ते सगळं देवळाच्या कळसाएवढं झालं होतं. आणि हातात आली ती तळहाताएवढी काच! गुणाजी तांडेल आपलं गलबत कल्याण बंदरातून हाकारतो ती पहिली काच आठवते ना? त्या गलबताचं शीड मला आभाळ झाकणारं आठवत होतं. प्रत्यक्षात करंगळीच्या नखाएवढं आहे. दुर्गाडी किल्ला पुरणपोळीसारखा चपटा. सहाव्या काचेतली कळव्याची खाडी आप्पांनी निळी रंगवली आहे. आपली खाडी कधी निळी होती? आणि बेटावरची ती मगर, जिच्या भयाने तू आईच्या पदरात तोंड लपवायचास, ती पाहून नंदा म्हणाली, "सासूबाई, ही पाल इथे कशाला काढली?" मी इतकी हसले की डोळ्यांना पाणी आलं.

पण हसून झाल्यावर पुन्हा पाहिल्या. एका घरची माणसं, नवरा-बायको, म्हातारी, दोन पोरं आणि एक कुत्रं, लग्नाला निघतात, वादळात सापडतात, बेटाला लागतात, चाच्यांच्या हातून निसटतात आणि शिमग्याला घरी परत येतात. एवढीच गोष्ट. शेवटच्या काचेत ती सगळी बंदरावर उतरली आहेत, आणि म्हातारीच्या कडेवर कुत्रं आहे. कुत्र्याला कडेवर घेतलेलं मला कधी नीट दिसलंच नव्हतं, कारण मी कधी पडद्यापुढे बसले नाही.

हे वाक्य लिहून मी उठले होते. पाणी पिऊन परत बसले आहे.

तू लिहितोस, "बारा नंबरची काच तुजकडे असल्यास आता परत कर, मी कोणाला काही बोलणार नाही." आणि नसल्यास मुंबईहून चितारी बोलावून नवी रंगवून घेणार, म्हणजे हिरवी लाट, आकाशात वीज, आणि मोकळ्या केसांनी डोलकाठीला मिठी मारून उभी असलेली तांडेलाची बायको शेवंती. तुला एवढं सगळं अजून आठवतं, याचं मला आश्चर्य नाही. कल्याणात त्या वेळी ज्याने ज्याने खेळ पाहिला त्या सगळ्यांना ते आठवतं.

श्रीपाद, आता एक कर. पेटी मी परत पाठवते आहे. तिच्यातल्या खाचा मोज. काचा मोजू नकोस, खाचा मोज. आप्पांनी सागवानाची पेटी स्वतः केली, आणि जेवढ्या काचा तेवढ्याच खाचा पाडल्या. शेवटचा नंबर सत्तावीस आहे. खाचा सव्वीस आहेत. एकही खाच रिकामी नाही.

बारा नंबरची काच कधी नव्हतीच.

तुला खरं वाटणार नाही, म्हणून नीट सांगते. आप्पांचा दमा तुला माहीत आहे. गोष्ट सांगताना त्यांचा श्वास अकराव्या काचेपर्यंत कसाबसा पुरायचा. वादळ आलं की मोठ्याने ओरडायचं, ते त्यांना जमेना. शिवाय वादळ काचेवर त्यांना मनासारखं उतरेना, तीन वेळा पुसलं. मग त्यांनी युक्ती केली. ओल्या धोतराच्या पडद्यामागे कंदिलापाशी ते बसत आणि काचा हातात द्यायला मला घेत. अकरा झाली की हळूच म्हणत, "बारा." मी ओल्या फडक्याने कंदिलाचं तोंड झाकायची. अंधार. एका हाताने गडगडाटासाठी पत्रा हलवायचा, मग कडुलिंबाची डहाळी पाण्यात बुडवून पडद्यावरून पुढे झटकायची. तू भिजून घरी यायचास आणि आईला म्हणायचास, "लाट अंगावर आली!" आणि मग मी शेवंतीच्या आवाजात पोरांना हाक मारायची, "धरून ठेवा रे माझ्या लेकरांनो! हात सोडू नका! मी आहे!" तीन वेळा. तिसऱ्या हाकेला बायका रडायच्या.

लोक आप्पांना म्हणत, "बायकी आवाज काय काढता हो! अंगावर काटा येतो." आप्पा खाली मान घालून पान चघळत.

पहिल्या खेळानंतर त्यांनी मला देवघरासमोर उभं केलं. म्हणाले, "कला, हा आवाज तुझा, हे तुझ्या सासरी कळलं तर ते तुला नांदवणार नाहीत. कधी बोलायचं नाही." लग्न आठव्या वर्षीच झालेलं, सासर दोन आळ्या पलीकडे. सासूबाई तर खेळाला पुढच्या रांगेत बसत! मी शब्द दिला. तेराव्या वर्षी सासरी गेले, आणि त्यानंतर आप्पांनी खेळ केला नाही. सगळे म्हणाले, दमा वाढला.

मग तुझ्या ठाण्याच्या घरी आप्पांचा तेरावा दिवस. तू माजघरात पेटी उघडलीस, नंबर लावून पाहिलेस, आणि चारचौघांत म्हणालास, "अक्का, बारा नंबर तूच नेलीस. पहिल्यापासून तुझा तिच्यावर डोळा होता." शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. खाचा मोज, एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? पण पुढे कोणीतरी विचारलंच असतं, मग बारा नंबरला आवाज कोणाचा? त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं पडलं. तुझे मेहुणे उठले, मी त्यांच्या मागून निघाले. तेव्हापासून ना मी ठाण्याला, ना तू कल्याणला.

आणि खरं सांगू? तेवढ्याचसाठी मी गप्प बसले, असं नाही. तू भरल्या माजघरात त्या हिरव्या लाटेचं आणि त्या मोकळ्या केसांचं इतकं हुबेहूब वर्णन करत होतास, की मला मनातून फार बरं वाटलं. काही न दाखवता मी तुला ते दाखवलं होतं. ते सुख कोणाला वाटून द्यायची माझी तयारी नव्हती. ही माझी चूक. तिने आपली बावीस वर्षं नेली. तुझ्या पोरांच्या मुंजी मी पाहिल्या नाहीत, तुझे मेहुणे गेले तेव्हा तू माझ्या दारात नव्हतास.

आता सासूबाई नाहीत, हे नाहीत, आप्पाही नाहीत. शब्द ज्यांच्याकरता दिला त्यातलं कोणी उरलं नाही. तेव्हा माझा निश्चय ऐक.

चिताऱ्याला बोलावू नकोस. बाकीची गोष्ट सोबत लिहून पाठवली आहे, ती तुमचे मास्तर खुशाल वाचू देत. बारा नंबर मी लिहून देणार नाही. बारा नंबर मी स्वतः येऊन करणार. आणि पडद्यामागे नाही, पुढे उभी राहून.

आनंदला हे काल जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "आई, या वयात, या वेषात, चार लोकांपुढे ओरडणार तू?"

"ओरडणार नाही. हाक मारणार."

"लोक काय म्हणतील?"

आतून नंदा म्हणाली, "सासूबाई तुम्हाला जेवायला बोलावतात ती हाक रोज सगळी आळी ऐकते. अजून कोणी काही म्हणालं नाही."

त्याने घास तोंडात घातला. आज सकाळी विचारत होता, गाडी किती वाजता आहे.

गळा राहिलाय का, ते पाहायला मी दुपारी मागच्या विहिरीपाशी एकदाच हाक मारून पाहिली. शेजारच्या सखुबाई दोर घेऊन धावत आल्या. "कोण पडलं? कोण पडलं?" त्यांना समजावून घरी पाठवायला अर्धा तास गेला. पण आवाज शाबूत आहे, एवढं कळलं.

तुझी अडचण मला समजते. नोकरीत मान मिळवलास, आळीत चार माणसं तुला विचारतात. डोक्यावरून पदर घेतलेली विधवा बहीण सभेत उभी राहिली तर दोघे-चौघे उठून जातील. जाऊ देत. उरतील त्यांच्यात बायका असतील, त्यांना मागच्या खिडकीशी नको, पुढे बसव. तुला लाज वाटणार असेल तर आधीच सांगते, वाटू दे. मला वाटत नाही. मी बावन्न वर्षांची झाले, चोर म्हणून बावीस वर्षं जगले, त्यापुढे हे काहीच नाही.

लोकांसमोर माझी क्षमा मागू नकोस. घरातही नको. वासंतीच्या हातचा चहा पुरे. मला एवढंच हवं: अकरावी काच झाली की मास्तरांनी थांबावं, आणि तू उठून सांगावंस, "आप्पांच्या वेळी हा आवाज माझ्या बहिणीचा होता. तिचं नाव कलावती. आज ती इथे आहे." नाव घे. नुसतं "आमच्या घरचं माणूस" म्हणू नकोस. मग कंदील झाक, आणि झाकलेलाच ठेव, मी थांबेपर्यंत.

सप्तमीला सकाळच्या गाडीने निघते. आनंद आणि नंदा बरोबर आहेत. स्टेशनावर माणूस पाठवला नाहीस तरी घर सापडेल. या पत्राचं उत्तर लिहू नकोस. नको म्हणायचं असेल तर दारात उभा राहून माझ्या तोंडावर म्हण.

मी येते आहे, श्रीपाद.

तुझी थोरली बहीण,
कलावती